कोकणच्या किनाऱ्यांवर निघण्याआधी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं गाव देवगड तालुक्यात, नोकरी पुण्यात. त्यामुळे दिवाळी जवळ आली की ऑफिसातले, सोसायटीतले, नात्यातले सगळे कोकणाबद्दल विचारायला लागतात. डहाणूपासून तेरेखोलपर्यंतचा किनारा मी गेल्या वीस वर्षांत तुकड्यातुकड्यांनी पाहिला, बराचसा एसटीने आणि पायी. तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे.

एक किनारा पाहिला की सगळे पाहिले, असं नाही का?

अजिबात नाही. सह्याद्रीवरून उतरणारी प्रत्येक नदी थोडंसंच अंतर धावते आणि समुद्राला भेटताना खाडी करते. दोन खाड्यांच्या मध्ये डोंगराची सोंड पाण्यात घुसलेली असते. त्या सोंडेच्या आडोशाला वाळू साठली की झाली पुळण. खाडी, सोंड, पुळण, पुन्हा खाडी, असा हा सगळा किनारा आहे. त्यामुळे शेजारच्या दोन गावांचे समुद्रसुद्धा एकमेकांसारखे नसतात.

वाळूचा रंगही खडकाप्रमाणे बदलतो. उत्तरेला काळ्या पाषाणाचा मुलूख, त्यामुळे पालघर-रायगडकडे वाळू बहुतेक करडी, आणि खाड्यांचा गाळ मिसळला की आणखी काळपट. रत्नागिरीकडे जांभ्याचे सडे, म्हणजे तांबड्या जांभ्या दगडाची सपाट पठारं, सुरू होतात. सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला काळा पाषाण मागे पडतो आणि त्याहून कितीतरी जुने, गारगोटीने भरलेले खडक वर येतात. गारगोटी झिजली की पांढरी वाळू होते. वेंगुर्ल्याच्या बाजूचे किनारे उन्हात डोळे दिपवतात ते यामुळे.

हा फरक एकाच गावात बघायचा असेल तर रत्नागिरीला जा. रत्नदुर्गाच्या एका अंगाला पांढरा समुद्र, दुसऱ्या अंगाला काळा समुद्र, लोक नावंच तशी घेतात. मिऱ्या-काळबादेवीच्या बाजूच्या वाळूत इल्मेनाइट नावाचं जड काळं खनिज आहे. बरोबर मुलं असतील तर एक लोहचुंबक न्या आणि काळ्या वाळूतून फिरवायला सांगा. चुंबकाला काळ्या कणांची मिशी फुटते, आणि मग मुलं तासभर हलत नाहीत.

भरती-ओहोटीची वेळ कशी काढायची? मोबाइलवर वेगवेगळं दाखवतात.

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका हाच सगळ्यात कमी विचारला जातो. हॉटेलचं भाडं चार ठिकाणी विचारून घेणारी माणसं समुद्र कधी वर असतो ते विचारत नाहीत.

आमच्याकडे हिशेब तिथीचा. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. आज षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. पहाटे साडेचार आणि दुपारी साधारण तेवढ्याच सुमाराला पूर्ण भरती. त्याच्या सव्वासहा तास आधी आणि नंतर ओहोटी, म्हणजे आमच्या भाषेत सुकती. अष्टमीला सहाला भरती, एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून मोजायचं, कृष्णपक्षालाही गणित तेच. हा हिशेब मुंबई-अलिबागला नीट लागू पडतो. दक्षिणेला रत्नागिरी-मालवणात भरती त्याच्या पाऊण-एक तास आधी येते, तेवढं वजा करा.

दुसरी गोष्ट उधाणाची. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढ-उतार कमी. उत्तरेला हा फरक फार मोठा. मुंबई-अलिबागकडे उधाणाच्या दिवशी पाण्याची पातळी चार मीटरहून जास्त बदलते, मालवणात ती साधारण दोन मीटर. म्हणून अलिबागला सकाळी पायाशी असलेला समुद्र दुपारी दूर गेलेला दिसतो आणि तारकर्लीला तेवढा जात नाही.

माझी आजी तिसऱ्या (शिंपल्या) काढायला खाडीत जायची ती भिंतीवरचं कॅलेंडर बघून. घड्याळ तिने कधी वापरलं नाही. तारीख ठरवताना शनिवार-रविवार बघता तसं एकदा तिथीही बघा, एवढंच माझं म्हणणं.

तिथी चुकली तर असं काय बिघडतं?

कुलाबा किल्ल्याचं घ्या. अलिबागच्या किनाऱ्यावरून तो समोरच दिसतो. सुकतीला चालत जाता येतं, भरतीला मध्ये पाणीच पाणी. लोक चालत जातात, आत फोटो काढत बसतात, आणि परतताना पाणी कमरेपर्यंत आलेलं असतं. मग धावपळ.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा याहून नाजूक. देवळामागून कातळातल्या पायऱ्या उतरून समुद्राच्या काठाने वळसा घालायचा. लाटांनी कोरून कोरून खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडली आहेत, सपाट कातळ लांबवर पसरला आहे. हा सगळा भाग सुकतीलाच मोकळा होतो. तिथून माणसं वाहून गेली आहेत. भरती सुरू झाली असेल तर प्रदक्षिणा सोडून द्या, देव रागावणार नाही.

उलट हेदवीची बामणघळ बघायची तर भरतीलाच. कातळातल्या अरुंद भेगेत लाट शिरते आणि आत कोंडली की वर कारंज्यासारखी उसळते. सुकतीला जाल तर नुसती भेग दिसेल आणि ‘यासाठी एवढं आलो?’ म्हणत परत फिराल. भरतीला जा, पण ओल्या कातळापासून चार पावलं मागे उभे राहा.

पोहायला सुरक्षित किनारा कोणता?

कोणत्याही किनाऱ्याचं नाव घेऊन ‘इथे बिनधास्त उतरा’ असं मी सांगणार नाही. तोच किनारा जानेवारीत शांत असतो आणि जूनमध्ये ओळखू येत नाही. पाणी चढत असताना वागतो तसा उतरताना वागत नाही.

गणपतीपुळे आणि काशीद या दोन ठिकाणी मात्र विशेष जपा. दोन्हीकडे गर्दी प्रचंड आणि वाळू सुंदर, त्यामुळे भीती वाटत नाही. पण उतार लवकर येतो, पाण्याला ओढ आहे, आणि दोन्हीकडे पर्यटक बुडाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आल्या आहेत. जीवरक्षक शिट्टी मारतो तेव्हा त्याच्याशी वाद घालू नका.

नियम साधा ठेवा. पाणी गुडघ्याच्या वर नको, ओहोटी लागली की बाहेर, दारू प्यायलेला माणूस वाळूवरच, आणि उतरण्याआधी जवळच्या टपरीवाल्याला किंवा जाळं विणत बसलेल्या काकांना ‘इथे पाणी कसं आहे?’ असं विचारायचं. विचारायला दहा सेकंद लागतात. गावात कुठे कोण गेलं, कुठल्या खडकापाशी खड्डा आहे, हे त्यांना पाठ असतं.

ओढीत सापडलो तर काय करायचं?

किनाऱ्यावर आलेलं पाणी परत समुद्रात जायला एखादी अरुंद वाट धरतं, ती ओढ. वरून बघितलं तर दोन्हीकडे लाटा फुटत असतात आणि मधल्या पट्ट्यात फुटत नाहीत, तिथलं पाणी गढूळ आणि सपाट दिसतं. नवखा माणूस नेमका तोच शांत पट्टा बघून उतरतो.

सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने हात मारू नका. माणूस दमतो आणि दमूनच बुडतो. ओढीचा पट्टा रुंदीला फार नसतो, तेव्हा किनाऱ्याला समांतर, डावीकडे किंवा उजवीकडे पोहत बाहेर पडा आणि मग लाटांबरोबर आत या. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगा आणि हात वर करून हाक द्या. दुसरा कोणी सापडला असेल तर मागोमाग उडी टाकू नका. रिकामा कॅन, टायरची ट्यूब, दोर, जे तरंगेल आणि हाताशी असेल ते फेका आणि ११२ लावा.

माझा आतेभाऊ असाच सापडला होता. पट्टीचा पोहणारा. रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं ओढणाऱ्या एका माणसाने किनाऱ्यावरून ‘आडवो पोव, आडवो!’ असं ओरडून ओरडून त्याला वळवलं, म्हणून तो आज आहे.

गाडी वाळूवर नेता येते का?

नेऊ नका. बऱ्याच ठिकाणी बंदी आहे, आणि नसेल तिथेही नका. ओल्या वाळूत चाक रुततं, जितकं फिरवाल तितकं खाली जातं, आणि भरती गाडीसाठी थांबत नाही. शिवाय त्याच वाळूत कासवाची अंडी असू शकतात.

पालघरकडचे किनारे कसे आहेत?

बोर्डी आणि केळवे दोन्ही मला आवडतात, पण निळ्या पाण्याची अपेक्षा घेऊन जाऊ नका. बोर्डीला सुकतीला पाणी इतकं दूर जातं की समुद्र शोधावा लागतो, आणि मागे घोलवडच्या चिकूच्या वाड्या. केळव्याला सुरूचं बन. लोकलने आणि पॅसेंजरने होणारी सहल आहे, एका दिवसात म्हाताऱ्या माणसांनाही झेपते.

मुंबई-पुण्याहून दोनच दिवस आहेत. कुठे जाऊ?

रायगड. वरसोली, अलिबाग, अक्षी, नागाव, पुढे काशीद आणि मुरूड, हे सगळं एका रेषेत आहे. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट रो-रो बोटीने जाता येतं. किहीमला गेलात तर आठवण ठेवा की सालीम अलींनी १९३० साली सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास इथेच केला.

थंडीत गेलात तर पोपटी चुकवू नका. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, हवं तर कोंबडी, आणि मडकं उलटं ठेवून वरून जाळ. शेतात बसूनच खायची.

थोडा जास्त वेळ असेल तर दिवेआगर-श्रीवर्धन. किनाऱ्याला लागून सुपारीच्या वाड्या आहेत, श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या वाड्या आडव्या केल्या. पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, लावल्यावर उत्पन्न द्यायला बरीच वर्षं घेते, त्यामुळे तिथल्या कुटुंबांचं नुकसान त्या एका दिवसापुरतं नव्हतं. राहायला जाल तेव्हा शक्यतो गावातल्या घरगुती ठिकाणी राहा आणि वाडीतली सुपारी, नारळ तिथेच विकत घ्या.

दापोली आणि गुहागर यात काय निवडू?

हालचाल हवी असेल तर दापोली. हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव उभा राहून बघा, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. जवळच महर्षी कर्व्यांचं मुरूड, मग कर्दे, लाडघर. लाडघरला पाण्याला तांबूस झाक दिसते, म्हणून तामसतीर्थ.

शांतता हवी असेल तर गुहागर. व्याडेश्वराच्या देवळापासून चालत गेलं की सुरूची झाडं संपतात आणि सरळ, लांब, रुंद पुळण लागते. सकाळी सहाला तिथे खाली बघत चाला. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी असते, प्रत्येक नक्षीच्या मध्ये एक बीळ. वाटाण्याएवढा खेकडा वाळू तोंडात घालतो, त्यातलं खाणं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. आपली सावली पडली की बिळात गुडुप. न हलता पाच मिनिटं बसलात तर सगळे परत वर येतात. पुढच्या भरतीला नक्षी पुसली जाते आणि सुकतीला ते पुन्हा कामाला लागतात.

कासवाची पिल्लं कधी आणि कुठे बघायला मिळतील?

मंडणगड तालुक्यातलं वेळास हे यासाठी पहिलं नाव. नाना फडणवीसांचं गाव. ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीत रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत हात-दीड हात खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू थापते आणि निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसं आणि कोल्ही-कुत्री नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन संवर्धन सुरू केलं. आज कासवमित्र पहाटे किनारा चालून मादीच्या पावलांचा माग काढतात, अंडी कुंपणातल्या वाळूत तशाच खोलीवर पुरतात आणि साधारण ४५ ते ५५ दिवस राखण करतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात आणि थंड राहिली तर नर, म्हणून खोली आणि सावली यांना महत्त्व.

फेब्रुवारी ते एप्रिल हा पिल्लं बाहेर पडण्याचा काळ. सकाळी आणि संध्याकाळी पुरलेल्या अंड्यांवरची टोपली उचलून बघतात. असतील तर तुमचं नशीब, नसतील तर नाहीत. एवढ्या लांब येऊन पिल्लू दिसलं नाही म्हणून कार्यकर्त्यांवर चिडणारी माणसं मी पाहिली आहेत, तसं करू नका. एक रात्र जास्त राहायची तयारी ठेवा.

मी तिसऱ्या खेपेला पाहिली. काड्यापेटीएवढं पिल्लू, राखाडी-काळं. पाण्यापासून थोडं अलीकडे ठेवतात, पुढचं त्याचं त्याने चालायचं. माझ्या समोरचं पिल्लू चालायचं, थांबायचं, मान वर करायचं, पुन्हा चालायचं. पहिल्या लाटेने त्याला होतं तिथून मागे आणून उलटं टाकलं. दोरीमागची सगळी माणसं एकदम ‘अरेरे’ म्हणाली. कोणी हात लावला नाही. पिल्लाने पंख मारत मारत स्वतःला सरळ केलं आणि दुसऱ्या लाटेबरोबर गेलं ते गेलंच. माझ्या शेजारच्या आजी पदराने डोळे पुसत होत्या.

वेळासमध्ये गावकऱ्यांच्या घरी राहायची सोय होते. आंजर्ले, गुहागर, गावखडी, वायंगणी इथेही काम चालतं. फ्लॅश मारायचा नाही, पिल्लं हातात घ्यायची नाहीत.

रत्नागिरीजवळ गणपतीपुळ्याशिवाय काय आहे?

आरे-वारे. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याच्या रस्त्याने जाताना गाडी घाट चढते आणि वळणावर दोन्ही पुळणी एकदम खाली दिसतात. संध्याकाळी चारनंतर जा. पुढे मालगुंडला केशवसुतांचं घर आणि स्मारक आहे, तिथे अर्धा तास द्या. गणपतीपुळ्यालाही दर्शनाची रांग झाली की लोक थेट वाळूवर पळतात. त्याआधी डोंगराभोवतीची प्रदक्षिणा करा, एक बाजू समुद्राची आणि एक बाजू झाडीची. दक्षिणेला कशेळीचं कनकादित्य हे सूर्यमंदिर आणि देवघळीचा किनारा, दोन्ही एका फेरीत होतात.

सिंधुदुर्गात मालवण की वेंगुर्लं?

आम्हा सिंधुदुर्गातल्या लोकांना हा प्रश्न विचारू नये, पण विचारलाच आहे तर सांगतो. पहिल्यांदा येत असाल तर मालवण. शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६६४ मध्ये ज्याचं बांधकाम सुरू केलं तो सिंधुदुर्ग किल्ला होडीने बघा. मग तारकर्ली, आणि देवबागला कर्ली नदी आणि समुद्र यांच्या मध्ये उरलेली जमिनीची चिंचोळी जीभ. एका बाजूला खाडीचं संथ पाणी, दुसऱ्या बाजूला लाटा, मध्ये माड आणि घरं. दर पावसाळ्यात समुद्र या जिभेचा लचका तोडतो आणि तिथली माणसं दगडी बांधाच्या भरवशावर झोपतात. पर्यटकाला जे चित्रासारखं दिसतं ते कुणाचं तरी धोक्यातलं अंगण आहे.

दुसऱ्यांदा येत असाल तर वेंगुर्ल्याच्या बाजूला. भोगवे, निवती, खवणे, कोंडुरा, सागरेश्वर, मोचेमाड, आरवली, शिरोडा. निवतीच्या किल्ल्यावरून भोगव्याची पुळण बघितली की मालवणची गर्दी आठवत नाही. शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. मिठागरं अजून आहेत, उन्हाळ्यात पांढऱ्या मिठाचे ढीग दिसतात. त्याखाली रेडी, आणि मग तेरेखोलचा किल्ला. नदीच्या अलीकडे असूनही तो गोव्यात मोडतो.

रापण म्हणजे काय? आम्हाला बघता येईल का?

येईल, आणि नुसती बघू नका, ओढा. होडी जाळं सोडत सोडत समुद्रात अर्धवर्तुळ करते आणि परत किनाऱ्याला लागते. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर वाळूवर दोन रांगा धरतात आणि एका लयीत मागे मागे जात ओढतात. दोर संपत आला की शेवटचा माणूस धावत पुढे येऊन पुन्हा धरतो. याला इंजिन लागत नाही, माणसं लागतात.

मी एकदा आचऱ्याजवळ हात मागे बांधून उभा होतो. एक मावशी म्हणाल्या, ‘बघतस काय? हात लाव.’ दोर ओला, वाळूने खरखरीत, पाच मिनिटांत तळवे सोलवटले. अर्ध्या तासाने जाळ्याची पिशवी उथळ पाण्यात आली आणि पाणी चांदीसारखं उकळायला लागलं. तारले, पेडवे, थोडे बांगडे, दोन-तीन कुर्ल्या. वरती पक्ष्यांचा गोंधळ. मावशींनी माझ्या हातात सहा बांगडे ठेवले. पैसे द्यायला गेलो तर म्हणाल्या, ओढणाऱ्याचा वाटा असतो.

रापण हल्ली कमी होत चालली आहे. यांत्रिक पर्ससीन जाळी आणि रात्री प्रखर दिवे लावून होणारी मासेमारी यांनी किनाऱ्यालगतची मासळी घटली, असं रापणकर वर्षानुवर्षं सांगत आहेत, त्यासाठी त्यांनी आंदोलनंही केली आहेत. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आहे, तरी ती चालते अशी त्यांची तक्रार आहे. किनारा आवडत असेल तर ही तक्रारही ऐकून घ्या.

पावसाळ्यात येऊ का?

कोकण बघायला या, समुद्रात उतरायला नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते आणि किल्ल्यांवर जाणाऱ्या होड्याही पावसाळ्यात बंद असतात. जे लोक समुद्रावरच पोट भरतात तेच होड्या ओढून वर ठेवतात, यावरून काय ते समजा. लाटा वाळू ओरबाडून आत नेतात, किनारा उभट होतो, खालचे खडक उघडे पडतात. नोव्हेंबरपर्यंत शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून घालतात. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात जायला मिळालं तर जरूर जा.

स्कूबा आणि डॉल्फिन सफरीबद्दल काय मत आहे?

मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे आणि १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ. आत प्रवाळावर पाय ठेवू नका, तो जिवंत असतो आणि मोडला की भरून यायला वर्षं जातात. माशांना पाव-बिस्किटं घालू नका. लाइफ जॅकेट न देणाऱ्या होडीत बसू नका, मग ती कितीही स्वस्त असो. डॉल्फिन दिसले की इंजिन मंद ठेवायला सांगा. पाठलाग केला की ते खोल जातात आणि तुम्हाला पाठसुद्धा दिसत नाही.

रात्री लाटा निळ्या चमकतात म्हणे?

खरं आहे. नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्म जीव पाणी ढवळलं की चमकतो. थंडीत अमावास्येच्या आसपास, दिवे नसलेल्या किनाऱ्यावर शक्यता जास्त. पण तारीख सांगून दाखवता येत नाही, तशी जाहिरात करणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

जेलीफिश आणि पाकट यांची भीती आहे का?

पाकट हा चपटा मासा वाळूत अंग पुरून बसतो आणि त्याच्यावर पाय पडला तरच शेपटीचा काटा मारतो. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घसटत चाला, तो आपणहून सरकतो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. वाळूवर पडलेली जेलीफिश मेलेली वाटली तरी हात लावू नका, चप्पल नसेल तर वळसा घाला. पावसाळ्यात किनाऱ्याला लागणाऱ्या निळ्या फुग्यांपासून मुलांना विशेष दूर ठेवा.

किनाऱ्यावरच्या वेली तुडवल्या तर काय होतं?

बकरीच्या खुरासारखी पानं आणि जांभळी फुलं असलेली वेल दिसली तर ती मर्यादवेल. समुद्राची मर्यादा तिथवर, म्हणून हे नाव. काटेरी, गोल झुपके वाऱ्यावर घरंगळत जातात त्या रावणाच्या मिशा. दोन्ही वाळू धरून ठेवतात. त्या गेल्या की वाळू उडते आणि मागच्या वाडीपर्यंत खारं पाणी येतं. खुर्च्या मांडायला म्हणून त्या उपटलेल्या पाहिल्या की मला फार वाईट वाटतं.

कसं पोहोचायचं?

कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर २६ जानेवारी १९९८ पासून धावते आहे. दापोलीसाठी खेड, गुहागरसाठी चिपळूण, गणपतीपुळ्यासाठी रत्नागिरी, देवगड-मालवणसाठी कणकवली किंवा कुडाळ, वेंगुर्ल्यासाठी कुडाळ किंवा सावंतवाडी. पुढे एसटी किंवा रिक्षा. गणपती आणि मे महिन्याचं आरक्षण सुटताक्षणी भरतं.

किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे गाडीने यायचं तर खाड्या फेरीबोटीने ओलांडा. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. वळसा वाचतो, आणि खाडी मधोमध उभं राहून बघायला मिळते. शेवटची फेरी किती वाजता ते आधी विचारून घ्या.

बायकांसाठी एक सूचना माझ्या बहिणीकडून : लहान किनाऱ्यांवर कपडे बदलायची आणि स्वच्छतागृहाची सोय बहुतेक नसते. मुक्काम किनाऱ्याजवळ घ्या.

शाकाहारी माणसाचं कोकणात काय होणार?

उत्तम होणार. घावणे, आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी, फणसाची भाजी, उकडीचे मोदक. फक्त घरगुती जेवण सकाळीच सांगून ठेवा. ऐन वेळी सांगितलं की डाळभात मिळतो, आणि दोष रांधणाऱ्या मामींचा नसतो.

सगळे सोडून एकच किनारा सांगा.

माझ्याच तालुक्यातला सांगतो, तांबळडेग. मिठबावच्या खाडीच्या पलीकडे. पौर्णिमेच्या आसपासचा दिवस धरा, डिसेंबर किंवा जानेवारीतला. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पूर्ण सुकती असते. चप्पल हातात घेऊन खाडीच्या तोंडाकडे चालत जा. कुरव पक्ष्यांचा थवा ओल्या वाळूवर बसलेला असेल, त्याच्यातून जाऊ नका, लांबून वळसा घ्या. सूर्य बुडतो त्याच सुमाराला मागच्या माडांवरून चंद्र वर येतो. पाणी परत चढायला लागलेलं असतं, तेव्हा आल्या वाटेने निघा.